विमानं शाबूत, पायलट शाबूत, रनवे गेला

डिसेंबर आला की आपल्याकडे १९७१ च्या पोस्टी सुरू होतात, तोच तो सरेंडरचा फोटो, पाकिस्तानचा जनरल नियाझी सही करतोय, आपले जनरल अरोरा बाजूला बसलेत, खाली अभिमानाचे दोन शब्द आणि झेंडा. काही हरकत नाही, मीही करतो फॉरवर्ड. पण त्या फोटोच्या आधीचे जे दोन आठवडे होते त्यात ढाक्यात पाकिस्तान एअर फोर्सची एकच्या एक फायटर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, होती, नंबर १४, टोपणनाव टेल चॉपर्स, आणि तिच्यासमोर आपल्या दहाएक स्क्वाड्रन उभ्या होत्या. तिचं पुढे काय झालं हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. शत्रूचं कौतुक कशाला असा सूर लागतो लगेच. मला विचाराल तर समोरचा कसा लढला हे कळल्याशिवाय आपल्या लोकांनी काय केलं ते नीट कळतच नाही, त्यामुळे आज त्यांच्यावरच लिहितो.

आधी प्रश्न हा की एवढ्या मोठ्या पूर्व पाकिस्तानला, जिथे देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या राहत होती, तिथे फायटर विमानांची स्क्वाड्रन एकच का? कारण लष्करशहा अयूब खानच्या काळापासून रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयात एक सिद्धांत पक्का बसलेला होता की पूर्वेचं रक्षण पश्चिमेतूनच होणार, म्हणजे भारताने ढाक्याला हात लावला तर आपण पंजाब-काश्मीरमधे एवढा जोरात मारू की भारत आपोआप मागे सरेल. कागदावर बरं वाटतं. ढाक्यात बसलेल्या माणसाला मात्र याचा अर्थ एवढाच की तुझ्यासाठी कोणी येणार नाहीये. त्यात मधे दीडेक हजार किलोमीटर भारत. जानेवारी ७१ मधे इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फोकर विमान हायजॅक करून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं, त्यानंतर इंदिराबाईंच्या सरकारने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली, मग कराचीहून ढाक्याला जायचं तर अख्खा भारत वळसा घालून कोलंबोमार्गे. लढाऊ विमान तर तसं येऊच शकत नाही. थोडक्यात जे आहे ते आहे, एक विमान पडलं की कायमचं कमी.

आणि होतं काय तर साधारण १६ ते २० एफ-८६ सेबर. कोरियन युद्धाच्या जमान्यातलं अमेरिकन डिझाइन, पण जुनं म्हणून हसण्यासारखं अजिबात नाही, कमी उंचीवर वळायला जबरदस्त आणि नाकात सहा मशीनगन. विमानं सगळी तेजगावला, ढाका शहराला लागूनच. कुर्मिटोल्याला, म्हणजे आज जिथे ढाक्याचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे तिथे, दुसरा रनवे होता पण तो अजून धड पूर्ण झालेला नव्हता. खरा तळ एकच, रनवे एकच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिथेच येऊन अडणार आहे.

या स्क्वाड्रनला नाव मिळालं ते ६५ च्या युद्धात. ७ सप्टेंबर १९६५ ला सकाळी टेल चॉपर्सचे सेबर खाली खाली उडत खरगपूरजवळच्या कलाईकुंड्यावर आले आणि तिथे ओळीने उभी असलेली आपली कॅनबेरा आणि व्हँपायर विमानं जमिनीवरच फोडून गेले. आपल्यासाठी ती लाजच होती, विमानं अशी ओळीत उघड्यावर ठेवतं का कोणी युद्ध चालू असताना! पण त्याच दिवशी ते पुन्हा आले तेव्हा आपली दोन हंटर लढाऊ विमानं हवेत होती, फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि फ्लाइंग ऑफिसर ममगाईं, दोघं चार सेबरवर तुटून पडले, झाडांच्या शेंड्यांवरून पाठलाग चालला होता आणि खाली आयआयटी खरगपूरची पोरं बघत होती. एक सेबर पडला, त्याचा पायलट अफझल खान मारला गेला. कुक आणि ममगाईं दोघांनाही वीर चक्र. गंमत अशी की ही दोघंसुद्धा चौदा नंबरच्याच स्क्वाड्रनची, आपल्या चौदाची. चौदा विरुद्ध चौदा! ६५ मधे पूर्वेची लढाई फार पुढे गेली नाही, भारताने ती वाढवली नाही. सहा वर्षांनी या दोन चौदा परत एकमेकांसमोर आल्या त्या थेट ढाक्यावर.

मधल्या काळात जे झालं ते गाळून या स्क्वाड्रनच्या शौर्याच्या गप्पा मारणं मला पटत नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली आणि त्यानंतर पाकिस्तान एअर फोर्स पूर्वेत वापरली गेली ती स्वतःच्याच लोकांवर. चितगावजवळच्या कालुरघाटचं रेडिओ केंद्र, जिथून स्वातंत्र्याची घोषणा वाचली गेली होती, ते ३० मार्चला हवाई हल्ल्यात उडवलं. एअर फोर्समधल्या बंगाली पायलटांना उडण्यापासून बंद केलं, टेक्निशियन संशयाच्या यादीत गेले, आणि जे निसटले ते थेट सीमेपलीकडे, भारतात. म्हणजे आपल्या दहा स्क्वाड्रन समोर यायच्या आधीच ही स्क्वाड्रन आतून अर्धी रिकामी झालेली. ज्या जमिनीवरून उडायचं ती जमीनच विरोधात, पायलट पॅराशूटने खाली उतरला तर गावकरी चहा देतील की जीव घेतील याची खात्री नाही.

त्या निसटलेल्यांनी काय केलं तेही ऐका. २८ सप्टेंबरला नागालँडमधे दिमापूरला बांगलादेशच्या हवाई दलाचा पहिला तुकडा उभा राहिला, किलो फ्लाइट. विमानं किती, तर एक डकोटा, एक ऑटर आणि एक अलुएट हेलिकॉप्टर, तीन! तीही भारताने दिलेली. ऑटर म्हणजे खरंतर माल आणि माणसं नेणारं साधं पंख्याचं विमान, त्याला रॉकेट लावली, हेलिकॉप्टरच्या तळाला गोळ्या लागू नयेत म्हणून जाड पोलादी पत्रा ठोकला, आणि ३ डिसेंबरच्या रात्री हेलिकॉप्टरने नारायणगंजजवळच्या गोदनाइलचे तेलाचे डेपो आणि ऑटरने चितगावचे तेलसाठे पेटवले. संख्येने कमी असण्याचा खरा नमुना बघायचा तर हा बघा, वीस सेबरवाल्यांच्या नाकाखाली तीन जुगाड विमानं.

पण त्याआधी सीमेवरच्या बोयराची हवाई झुंज. २१ नोव्हेंबरला सीमेपलीकडच्या गरीबपूरला आपली १४ पंजाब पलटण आणि ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ रणगाडे आत घुसले होते, तिथे मोठी झुंज झाली आणि पाकिस्तानी रणगाड्यांचं वाटोळं झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, तेजगावहून सेबर आपल्या सैन्यावर हल्ले करायला यायला लागले. सकाळपासून येऊन जाऊन चालू होतं आणि आपली नॅट, म्हणजे छोटी लढाऊ विमानं, प्रत्येक वेळी पोचेपर्यंत हे गेलेले असायचे. दुपारी तीनच्या आसपास पुन्हा आले. या वेळी दमदमवरून २२ स्क्वाड्रनची चार नॅट उडाली, मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेझ, आणि रडारवर बागची नावाचा तरुण कंट्रोलर, त्याने यांना नेमकं सेबरच्या मागे नेऊन बसवलं. दोनेक मिनिटांत सगळं संपलं. रेडिओवर 'मर्डर मर्डर मर्डर' असा ओरडा आला, तो विमान पाडल्याचा ठरलेला कोड. आपण तीन पाडल्याचं सांगितलं, पाकिस्तानने दोन मान्य केले. तिसऱ्यात स्वतः स्क्वाड्रनचा कमांडर विंग कमांडर चौधरी होता आणि तो ढाक्याला परत पोचला.

दोन पायलट आपल्या हद्दीत उतरले, त्यातला एक फ्लाइट लेफ्टनंट परवेझ मेहदी कुरेशी. आपले जवान चिडलेले, रात्रभर लढलेले, समोर सापडलाय तर त्याला मारायलाच निघालेले, तेव्हा ४ शीख पलटणीचा अॅड्ज्युटंट कॅप्टन पनाग धावत मधे पडला आणि त्याला सोडवलं. डोक्याला जखम होती ती बांधून घेतली, चहा पाजला, खिशातल्या वस्तूंची रीतसर यादी केली, त्यात बायकोचा फोटोही होता. हा कुरेशी पुढे १९९७ मधे पाकिस्तान एअर फोर्सचा प्रमुख झाला! आणि त्या दिवशी नॅट उडवणाऱ्या लाझारसनी, तोवर ते निवृत्त झालेले, त्याला अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि कुरेशीचं सहीचं उत्तरही आलं, आपल्या पायलटांच्या त्या दिवशीच्या लढण्याचं कौतुक करणारं. हा किस्सा मला त्या अख्ख्या युद्धातला सगळ्यात आवडता आहे, उगाच भावुक वगैरे न होता सांगतो.

तर मुख्य युद्ध सुरू व्हायच्या अकरा दिवस आधीच टेल चॉपर्सचे दोन सेबर आणि दोन पायलट गेलेले. वर लिहिलं तसं, बदली काहीच येणार नव्हतं.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेत आपल्या विमानतळांवर हल्ले केले, त्या रात्रीच आपल्या कॅनबेरा तेजगावावर गेल्या आणि ४ तारखेला उजाडल्यापासून ढाक्याच्या आकाशात रांग लागली, मिग-२१, हंटर, सुखोई-७, एक लाट गेली की दुसरी. शहरातली माणसं गच्च्यांवर आणि इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलमधले परदेशी पत्रकार तोंड वर करून बघतायत. आणि इथे हे मान्य करायला हवं की पहिल्या दिवशी ही स्क्वाड्रन आपल्याला चांगलीच जड गेली. कारण सरळ होतं. आपली हंटर लांबून येणार, इंधन मोजून, रॉकेटचं ओझं पंखाखाली, तेजगाववर पोचून निशाणा लावायचा म्हणजे काही सेकंद सरळ रेषेत उडायचं, आणि सेबर आपल्या घरावर घिरट्या घालतायत, इंधनाची चिंता नाही, खाली स्वतःच्या विमानविरोधी तोफा. आमच्या गल्लीत क्रिकेट खेळायला आलेल्या बाहेरच्या टीमची जी गत व्हायची तीच.

आपल्या चौदा स्क्वाड्रनची दोन हंटर, स्क्वाड्रन लीडर मेहरा आणि त्यांचे जोडीदार फ्लाइट लेफ्टनंट संतोष मोने, तेजगाववर सेबरच्या तावडीत सापडली. मोने सेबर मागे लागलेला असताना जमिनीलगत सुसाट विमान काढून दमदमला परत आले. मेहरांच्या विमानाला मात्र शम्सुल हक नावाच्या पायलटच्या गोळ्या लागल्या, विमान सोडून उडी मारावी लागली, हाताला जबर दुखापत, आणि तिथून मुक्तिवाहिनी आणि गावकऱ्यांच्या मदतीने लपतछपत ते भारतात पोचले. बघा, पॅराशूटने खाली उतरल्यावर चहा की जीव हा जो प्रश्न मी वर लिहिला त्याचं उत्तर कोणाच्या बाजूने होतं ते. त्याच स्क्वाड्रनचे ट्रेमनहिअर युद्धकैदी झाले. ३७ स्क्वाड्रनचे सामंता आणि खोंडे परतलेच नाहीत. विजयाच्या पोस्टींमधे ही नावं येत नाहीत, यायला पाहिजेत.

त्यांचंही त्याच दिवशी भरपूर गेलं. तीन सेबर हवेत पडले, त्यातल्या विंग कमांडर एस. एम. अहमद आणि फ्लाइंग ऑफिसर रशिदी या दोघांनी उडी मारली पण ते परत आपल्या तळावर कधीच पोचले नाहीत. कोणी किती पाडले याचे दोन्हीकडचे आकडे आजही जुळत नाहीत आणि इंटरनेटवर त्यावरून लोक अजून एकमेकांच्या आयाबहिणी काढतात, मी त्या भानगडीत पडत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ४ तारखेच्या संध्याकाळी शिलाँगला आपल्या ईस्टर्न एअर कमांडमधे हिशोब करायला बसलं तर चित्र फार काही खूश करणारं नव्हतं. एवढ्या फेऱ्या मारून, एवढी हंटर घालवून सेबर अजून उडतायत. जमिनीवर उभे असलेले सेबर झाडांखाली, जाळ्यांखाली विखरून लपवलेले, वरून तीन-चार सेकंदात दिसणार काय. ६५ च्या कलाईकुंड्याचा धडा आपण शिकलो होतो तसा त्यांनीही लक्षात ठेवला होता असं दिसतं.

मग विमानांच्या मागे लागणं सोडून रनवे फोडायचं ठरलं. ऐकायला सोपं. रनवे कुठे पळून जात नाही, लपवता येत नाही. पण फोडायला भयंकर अवघड वस्तू आहे ती. आडव्या उडत्या विमानातून टाकलेला बॉम्ब काँक्रीटवरून घसरत जातो किंवा वरवर ओरखडा काढतो, तो खड्डा दोन तासांत बुजवता येतो. बॉम्ब काँक्रीट भेदून आत जाऊन फुटला तरच खालची भर उसळते आणि आजूबाजूचे स्लॅब उचकटतात. त्यासाठी तो उंचावरून, तीव्र कोनातून आला पाहिजे. हे काम दिलं कोणाला, तर गुवाहाटीच्या २८ स्क्वाड्रनच्या मिग-२१ ना, जे विमान मुळात उंचावर जाऊन शत्रूचं विमान पाडायला बनवलेलं, बॉम्ब टाकायला नव्हे. पंखाखाली ५०० किलोचे दोन बॉम्ब लटकवायचे, ढाक्यावर उंचावरून यायचं, नाक खाली करून सूर मारायचा, तोफांचे गोळे वर येत असताना नेम धरायचा, बॉम्ब सोडायचा आणि अंगावर सगळं वजन घेत वर खेचायचं. कमांडर विंग कमांडर बी. के. बिश्नोई.

६ डिसेंबरला त्यांनी तेजगावच्या रनवेवर नेमके मधे बॉम्ब बसवले. एकाच ठिकाणी नाही, अशा अंतरावर की खड्ड्यांच्या मधला कुठलाच तुकडा सेबरला उडायला पुरू नये. रात्री तिथल्या लोकांनी भर घालायला घेतली, त्यांच्याबद्दलही वाईट वाटतं खरंतर, बॉम्ब पडतायत आणि तुम्ही घमेली घेऊन खड्डे बुजवताय, पण मिग परत आले, परत फोडलं, कुर्मिटोलाही फोडलं. दुरुस्ती व्हायची त्याच्या आधी नवीन खड्डे. ६ तारखेनंतर ढाक्यातून एकही सेबर उडाला नाही.

इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. विमानं दहाच्या वर शिल्लक, पायलट शिल्लक, दारूगोळाही होता, लढायची तयारी होती. हवेत कोणी या स्क्वाड्रनला पुसून टाकलं नाही. आणि तरी तिसऱ्या दिवशी ती संपली, कारण दहा वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलं होतं की पूर्वेत एकच तळ पुरे. दुसरा रनवे पूर्ण बांधला असता, दोन-तीन ठिकाणी विमानं पसरली असती, तर आपल्याला किती जास्त माणसं घालवावी लागली असती कोण जाणे. रावळपिंडीतल्या साहेबांची चूक ढाक्यातल्या पायलटांनी फेडली, आणि आपल्या फायद्याची झाली एवढंच.

पायलटांना आता काही काम उरलं नाही. ८-९ तारखेच्या सुमारास त्यांना छोट्या विमानांतून बर्माला काढलं आणि तिथून ते यथावकाश पश्चिम पाकिस्तानात पोचले. मागे राहिले ते तळावरचे अधिकारी आणि जवान, ते सगळे युद्धकैदी.

आता यात आपल्या मराठी माणसाचा संबंध कुठे येतो तर टंगाईलला. ११ डिसेंबरला दुपारी उशिरा, लख्ख उजेडात, २ पॅरा ही पलटण पॅराशूटने टंगाईलजवळ उतरवली, सातशेच्या आसपास माणसं, लेफ्टनंट कर्नल पन्नूंच्या हाताखाली. ही पलटण म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, नावात कंसात मराठा लावायचे. त्यांना घेऊन गेली ती डकोटा, पॅकेट, कॅरिबू, एएन-१२, सगळी ढिम्म मालवाहू विमानं, सरळ रेषेत, हळू, खाली. आकाशात चार सेबर जरी असते तरी पोटात पॅराट्रूपर भरलेल्या त्या पॅकेटचं काय झालं असतं ते डोळ्यासमोर आणा. ढाक्यापासून ७०-८० किलोमीटरवर दिवसाउजेडी असा ड्रॉप करायची हिंमत झाली कारण पाच दिवसांपूर्वी तेजगावला खड्डे पडले होते. पलटणीने पूंगलीचा पूल धरला, उत्तरेकडून जमालपूर सोडून पळत येणारी पाकिस्तानी ब्रिगेड तिथे अडकली, आणि त्या जमालपूरला कोण होतं तर १ मराठा, आपली जंगी पलटण, ब्रार साहेबांच्या हाताखाली. १६ तारखेला सकाळी ढाक्यात सगळ्यात आधी पोचले ते २ पॅराचेच लोक.

आणि १४ डिसेंबर. ढाक्यात पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांची मोठी बैठक आहे असं आपल्याला कळलं आणि बिश्नोईंना ऐनवेळी हुकूम आला. हातात काय, तर ढाक्याचा टुरिस्ट मॅप! पर्यटकांना देतात तो. इंजिन सुरू करून निघायच्या बेतात असताना एक अधिकारी धावत आला, चिठ्ठी दिली की टार्गेट सर्किट हाऊस नाही, गव्हर्नमेंट हाऊस आहे. तो नकाशा मांडीवर घेऊन बिश्नोईंनी हवेतच इमारत शोधली, घुमटाची, मिगने त्या हॉलमधे रॉकेट घातली, मागोमाग ३७ स्क्वाड्रनची हंटर आली, विंग कमांडर एस. के. कौल, जे पुढे आपले एअर चीफ झाले. मलिकसाहेब बंकरमधे गेले, तिथेच हाताला लागला त्या कागदावर राजीनामा लिहिला, मग बूट-मोजे काढून पाय धुतले आणि नमाजला बसले. तेजगाव तिथून हाकेच्या अंतरावर. राहिलेले सेबर तिथे उभे होते आणि एकाचंही चाक हलू शकत नव्हतं.

शरणागतीच्या आधी त्यांच्याच लोकांनी ती विमानं आतून मोडतोड करून ठेवली, भारताच्या हाती चालू अवस्थेत लागू नयेत म्हणून. पण घाईघाईत केलेलं काम, बांगलादेशच्या नव्या एअर फोर्सच्या टेक्निशियननी, ज्यांना मार्चमधे याच सेबरपासून लांब ठेवलं होतं त्यांनीच, एकाचे पार्ट दुसऱ्याला लावत त्यातले काही परत उडते केले. पाकिस्तानने नंबर १४ पुन्हा उभी केली, सध्या ती जेएफ-१७ उडवते. आपली चौदा अंबाल्याला जग्वार उडवते. कोणाकडे मोने साहेबांच्या त्या फेरीबद्दल जास्त वाचायला काही असेल तर कमेंटमधे टाका, मला मिळालंय ते फारच थोडं आहे.